ऑटोकॅडमधली आखूड कमांड आपल्या सोयीने बदला

ऑटोकॅड या आराखडे काढायच्या प्रोग्रॅममध्ये कॉपी कमांडसाठी ‘सीओ’ हा संक्षेप टाइप करताना ‘ओ’साठी उजवा हात माऊसवरून उचलावा लागतो. त्यापेक्षा कॉपीला ‘सीसी’ द्या. डावा हात पुरतो. एंटरऐवजी स्पेसबार दाबला तरी चालतो.

मॅनेज टॅबमध्ये ‘एडिट एलियासेस’वर क्लिक केलं की पीजीपी फाइल, म्हणजे कमांडच्या संक्षेपांची यादी, नोटपॅडमध्ये उघडते. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. मग अगदी शेवटी नवी ओळ लिहा: संक्षेपाची अक्षरं, स्वल्पविराम, तारका आणि तारकेला चिकटून पूर्ण कमांड. तारका राहिली तर ओळ फुकट जाते. वरच्या मूळ ओळींना हात लावू नका. एकच संक्षेप दोनदा आला तर शेवटचा लागू होतो, म्हणून तर शेवटी लिहायचं.

सेव्ह करूनही काही बदललं नाही? ऑटोकॅड स्वतः सुरू होतानाच ही फाइल वाचतो. ‘रीइनिट’ (REINIT) कमांड द्या, पीजीपी फाइलच्या चौकटीत खूण करा, ओके. प्रोग्रॅम बंद करायची गरज नाही.

संक्षेपात फक्त कमांडचं नाव बसतं, पुढचे पर्याय नाहीत. ‘झूम’नंतर ‘एक्स्टेंट्स’ (सगळं चित्र पडद्यावर बसवणारा पर्याय) हाही एकाच दमात हवा असेल तर लिस्प या ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो.