उतारवयात चहा-कॉफी: कप मोजण्याआधी घड्याळ बघा

सत्तरी ओलांडली आणि मला रात्री दोन वाजता टक्क जाग यायला लागली. एकदा अंधारात बाथरूमकडे जाताना तोल गेला. दाराची चौकट हाताशी आली म्हणून वाचले. झोपेची गोळी मागायला डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी आधी विचारलं, "शेवटचा चहा किती वाजता घेता?" साडेसहाला. त्याआधी चारला कॉफी. चाळीस वर्षं हेच चाललं होतं, मग आत्ताच काय बिघडलं?

दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं डोळे जड होतात. कॅफीन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतं. निम्मं कॅफीन अंगातून उतरायला साधारण ५ तास लागतात, काहींना बरेच जास्त. म्हणजे चारची कॉफी रात्री नऊला अर्धी शिल्लकच. तरुणपणी झोप गाढ असते, ते खपून जातं. या वयात झोप मुळातच हलकी, त्यात लघवीची घाई. म्हणून सगळ्यात आधी शेवटच्या कपाची वेळ बदला.

आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता, काय, किती. मी "तीनच कप" म्हणायचे. मापाच्या भांड्यानं पाणी ओतून पाहिलं, तर माझा मग ३०० मिलीचा निघाला! साधारण २४० मिली कॉफीत ९५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं, तेवढ्याच काळ्या चहात त्याच्या निम्मं. कडक केलं की आकडा वाढतो. कोला, डार्क चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्याही यात धरा. दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही मर्यादा निरोगी प्रौढांसाठी सांगितलेली आहे. ती गाठायलाच हवी असं नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर आपला आकडा डॉक्टरांनाच विचारा.

एकदम बंद मात्र करू नका. मी केलं, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून पडून राहिले. असा त्रास १२ ते २४ तासांत सुरू होतो आणि आठवडाभरही टिकू शकतो. नंतर शहाणपणानं घेतलं. दर तीन दिवसांनी शेवटचा कप एक तास अलीकडे आणला आणि मगऐवजी लहान कप काढला. जवळजवळ तीन आठवड्यांनी दुपारी बारापर्यंत पोचले. संध्याकाळी हातात काहीतरी गरम हवंच असेल तर डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी घ्या. त्यातही थोडं कॅफीन असतं, पण फारच कमी.

आता औषधांचं, आणि हे मला कळकळीनं सांगायचंय, कारण मी स्वतः कित्येक वर्षं थायरॉईडची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळत होते. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-कॉफी अर्ध्या ते एक तासानं, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. लोहाच्या गोळीपासूनही चहा तासभर तरी लांब ठेवा. हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेट साध्या पाण्याबरोबरच, आणि पुढचा अर्धा तास दुसरं काही नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असताना कॅफीन अंगात रेंगाळतं. हात थरथरले, छाती धडधडली तर कप कमी करा. सिगारेट सोडल्यावरही तसंच होतं, नेहमीचाच कप जास्त चढतो. मनाच्या आजारासाठी लिथियम घेत असाल तर चहा-कॉफी वाढवणं किंवा सोडणं आपल्या मनानं करूच नका, त्यानं औषधाची रक्तातली पातळी बदलते.

रक्तदाब मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. आणि लघवीच्या धास्तीनं दिवसाचं पाणी तोडू नका. मी तेही करून बसले होते. उन्हाळ्यात चक्कर यायला लागली तेव्हा डोळे उघडले.

चहा-कॉफीला वैरी समजायचं काहीच कारण नाही. सकाळचा कप मी अजूनही निवांत, दोन्ही हातांत धरून पिते. आता बहुतेक रात्री पाचपर्यंत झोप लागते. तरी बाथरूमच्या वाटेवरचा छोटा दिवा मी रात्रभर चालूच ठेवते, तुम्हीही ठेवा. आणि महिनाभर वेळ पाळूनही झोप सुधारली नाही, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.