पावसात फोटो काढायचाय? माणसाला वळचणीला उभं करा, भिजायचं आपण

मिरग निघाला की माझ्या व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू होतात, "पावसातला एक भारी फोटो काढ की." आणि प्रत्येकाच्या डोक्यात चित्र तेच, कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर हात पसरून चिंब भिजलेला माणूस. काढून बघा एकदा. पाच मिनिटात केस कपाळाला चिकटतात, डोळे उघडत नाहीत, दात वाजायला लागतात आणि फोटोत येतो तो नुसता वैतागलेला गडी. मी दोन-तीन पावसाळे हेच करत होतो, आणि एक दिवस महाद्वार रोडला पावसानं अडकलो म्हणून एका दुकानाच्या वळचणीला उभा राहिलो, शेजारी उभ्या असलेल्या आज्जींचा सहज मोबाईलवर फोटो काढला आणि तो आधीच्या सगळ्या फोटोंपेक्षा भारी आला. तेव्हापासून माझा नियम एकच, समोरचा कोरडा पाहिजे, भिजायचं ते आपण.

वळचणच का

ढगाळ दिवसाचा उजेड मऊ असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो येतो कुठनं हे कुणी बघत नाही. पूर्ण आभाळच दिवा झालेलं असतं, म्हणजे उजेड डोक्यावरनं पडतो, त्यामुळे मोकळ्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि माणूस आठवडाभर झोपला नाही असं वाटतं. वळचणीला पत्रा किंवा कौलं वरचा उजेड अडवतात, मग उरतो तो समोरून आणि बाजूनं येणारा. तोच चेहऱ्यावर पाहिजे. डोळ्यात बारीक पांढरा ठिपका चमकतो, तो दिसला की समजायचं जागा बरोबर आहे.

माणसाला पत्र्याच्या कडेपासून एक-दोन पावलं आत घ्या, तोंड रस्त्याकडं. मग खांदे जरा तिरके करायला सांगा, म्हणजे एक गाल उजेडात आणि दुसरा हलका सावलीत जातो. मागं दुकानाचा अंधार आपोआप काळा पडदा होतो. फार आत नेलं तर चेहरा पण अंधारात जातो, कडेला आणलं तर परत डोक्यावरचा उजेड लागतो आणि वर पाणी पण पडतं, त्यामुळे एक पाऊल पुढं, एक पाऊल मागं असं करून बघत डोळ्यांकडं लक्ष ठेवायचं. हे जमलं की निम्मं काम झालं.

आपल्याकडं अशा जागा गावभर आहेत. भवानी मंडपाची दगडी कमान घ्या, पाऊस कसाही असू दे, कमानीखाली उभा माणूस राजासारखा दिसतो. पापाच्या तिकटीजवळ चप्पल लाईनला दुकानांपुढं ताडपत्र्या बांधलेल्या असतात, पण ताडपत्री निळी असली तर सावध, तो निळा रंग सरळ चेहऱ्यावर उतरतो. टाऊन हॉलच्या बागेत झाडाखाली हेच हिरव्याचं होतं, माणूस आजारी वाटतो. अशा वेळी दोन पावलं सरकायचं, नंतर मोबाईलवर रंग दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते सोपं.

कुठला पाऊस आहे ते आधी बघा

भुरभुर असेल तर फोटोत पाऊस दिसतच नाही, नुसता ओलावा दिसतो. तेव्हा जवळून चेहरा घ्या, केसांवरचे बारीक थेंब छान येतात. रिपरिप असेल तर छत्री आणि ओला रस्ता. जोराची सर आली तर वळचण आणि पागोळ्या. आणि गगनबावड्याकडनं काळंकुट्ट भरून आलं, वारा सुटला, की सरळ चहाच्या गाडीवर जायचं, आडवा पाऊस कुठल्याच वळचणीला जुमानत नाही. विजा चमकत असतील तर झाडाखाली आणि मोकळ्या मैदानात अजिबात थांबायचं नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

पागोळ्या म्हणजे वळचणीवरनं गळणाऱ्या पाण्याच्या धारा, आणि पावसातल्या फोटोची खरी मजा मला यांच्यात वाटते. माणूस आत, आपण बाहेर, मध्ये पागोळ्यांचा पडदा. शटर, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो तो सेकंदाचा भाग, १/६० ठेवला तर धारांचे दोरे होतात, १/८०० ला नेला तर मणी होऊन हवेत थांबतात. १/६० ला मात्र हात हलला किंवा माणूस हलला तर चेहरा पण हलतो, त्यामुळे भिंतीला टेकून चार-पाच फोटो ओळीनं काढा, एक तरी नीट येतो. मागं अंधार पाहिजे, पांढऱ्या भिंतीपुढं पाणी दिसत नाही. बाजूनं किंवा मागनं उजेड आला, एखादा दुकानातला बल्ब असला, तर धारा चकाकतात.

इथं एक घोळ होतो. कॅमेरा पागोळीवर फोकस करतो आणि मागचा चेहरा धूसर. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो लावा, नसेल तर एकच फोकस पॉईंट डोळ्यावर ठेवा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होतो, मग बोट जरा खाली-वर करून उजेड ठरवा. बोट ओलं असेल तर स्क्रीन ऐकत नाही, वेडंवाकडं काहीतरी उघडतं, म्हणून फोटो काढताना आवाजाचं बटण वापरा.

बाकी सेटिंग फार डोक्याला लावून घेऊ नका. एफ (लेन्सचं भोक किती उघडं ते, आकडा लहान तेवढं भोक मोठं) २ ते २.८, आयएसओ (उजेड टिपायची ताकद) ८०० ते १६००, शटर साधारण १/२५० पासून. दाणे येतील म्हणून आयएसओला घाबरून शटर हळू करू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. आभाळ फ्रेममध्ये आलं तर कॅमेरा फसतो आणि चेहरा काळा काढतो, अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं वाढवा, नाहीतर आभाळ कापूनच टाका, पांढऱ्या आभाळात बघण्यासारखं असतंय तरी काय. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद. तो जवळच्या थेंबांवर उडतो आणि फोटोभर पांढरे गोळे येतात, लोक विचारतात बर्फ पडला काय कोल्हापुरात.

छत्री आणि कपडे

काळी छत्री वाईट नाही, वरचा उजेड तीच अडवते, म्हणजे चालती-फिरती वळचणच. फक्त ती डोक्यावर घट्ट न धरता जरा मागं झुकवून धरायला सांगा. रंगीत छत्री गोड दिसते पण लाल छत्रीखाली चेहरा लाल होतो, लग्नातल्या मांडवाखाली होतो तसा. पारदर्शक छत्री मिळाली तर नाद खुळा.

कपडे गडद किंवा एकरंगी. पांढरा पातळ सुती कपडा भिजला की अंगाला चिकटतो आणि आरपार दिसतो, बाईमाणसाला भर रस्त्यात अवघडल्यासारखं होतं, हे आधीच फोनवर सांगून ठेवायचं. आणि पायात कोल्हापुरी घालून येऊ नका म्हणावं! कातडं भिजलं की फुगतं, मग वाळून कडक होतं. फोटोत पाय येणारच असतील तर चप्पल पिशवीत आणा, शेवटच्या क्षणी घाला.

कॅमेरा वाचवा

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला तिथं आपण प्लास्टिकच्या पिशवीचं रेनकव्हर करायला काय लाजायचं. जाड पिशवी घ्या, तळाला लेन्सच्या मापाचं भोक पाडा, लेन्सच्या हूडवर (पुढं लावायच्या कड्यावर) रबरबँडनं आवळा, पाठीमागची बाजू मोकळी सोडा हात घालायला. हूड लावाच, पुढच्या काचेवरचे निम्मे थेंब तोच अडवतो. खिशात दोन कापडं ठेवा, एक अंग पुसायचा नॅपकिन आणि एक लेन्सचं मऊ कापड, दोन्ही वेगळ्या खिशात. एका खिशात ठेवली की दोन्ही ओली होतात, मग काच पुसायला बनियन वापरावी लागते, अनुभव आहे.

एकदा एसी गाडीतनं उतरलो आणि लगेच कॅमेरा बाहेर काढला, लेन्सवर आत-बाहेर धुकं. थंड काचेवर दमट हवा लागली की वाफ धरते. वीस मिनिटं नुसता उभा होतो, समोर पाहुणे तयार होऊन ताटकळलेले. गार जागेतनं बाहेर जाताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, मग काढा. घरी आल्यावर बॅटरी आणि कार्ड काढून पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायरची गरम हवा नको. कॅमेरा तांदळाच्या डब्यात पण घालू नका, पाणी काही ओढत नाही आणि पिठाची धूळ आत जाते ती वेगळी. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डबा करा, आत आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की बुरशी धरत नाही. माझी एक लेन्स तशीच ओल्या बॅगेत महिनाभर राहिली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि दुरुस्तीवाल्यानं सांगितलेल्या पैशात जुनी दुसरी आली असती.

रस्त्यावरची माणसं

ओळखीच्या माणसाचा फोटो सोपा. अनोळखी माणसाला मात्र विचारल्याशिवाय नाही. कॅमेरा खाली ठेवून, नजर देऊन, "मामा, एक फोटो काढू काय?" एवढंच. नको म्हणाले तर हसून पुढं. लहान पोरांचा घरच्यांना विचारून. देवळाच्या आवारात काय चालतं ते दारावरच्या माणसाला आधी विचारा. आषाढात त्र्यंबोली यात्रेला नदीचं नवं पाणी घेऊन मिरवणुका निघतात, पी ढबाक वाजत असतं, तेव्हा मध्ये घुसून कुणाची वाट अडवू नका, पुढं जाऊन एखाद्या पायरीवर थांबा, माणसं तुमच्याकडंच येणार आहेत.

गंगावेशला दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर पिळलेलं दूध प्यायला लोक येतात, पेल्यावर फेस, ओली गोणपाटं, म्हशीच्या पाठीवरनं वाफ. आधी दूध प्या, गप्पा मारा, मग कॅमेरा काढा. जुलैत सूर्य सातच्या पुढं मावळतो, त्यानंतरची वीस मिनिटं आभाळ निळं आणि दुकानांचे दिवे पिवळे असतात, ओल्या रस्त्यात दोन्ही रंग उतरतात. तेव्हा खाली बसून फोटो काढा, डबकं अर्धी फ्रेम भरून टाकतं. मागनं येणाऱ्या दुचाकीकडं कुणीतरी लक्ष ठेवा मात्र.

पंचगंगेच्या घाटावर पावसाळ्यात मी पोर्ट्रेट काढत नाही. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पाणी रात्रीत चढतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका, बातमीत आकडा वाढायला लागला की तिकडं फिरकू पण नका. आणि पुराच्या पाण्यातनं भांडी-कुंडी घेऊन निघालेल्या माणसाचा फोटो काढण्याआधी त्याचं भांडं धरा.

फोटो द्या

मागल्या पावसाळ्यात महाद्वार रोडलाच एका बोळाच्या तोंडाशी छत्र्या दुरुस्त करणारे मामा बसलेले. पुढ्यात पत्र्याची पेटी, तोंडात दोरा, मांडीवर उलटी काळी छत्री, तिच्या काड्यांमधनं उजेड त्यांच्या हातावर पडलेला. विचारलं तर म्हणाले, "काढ की, पर उजेड अडवू नको." म्हणजे उजेडाचं मामांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. मी बाजूला सरकलो, गुडघ्यावर बसलो, पाठीवर पागोळी गळतेय, तरी सुईत दोरा ओवतानाची तेवढी एक फ्रेम धरून बसलो. आठवड्यानं प्रिंट घेऊन गेलो, लॅमिनेशन करून, कारण पावसात साधा प्रिंट टिकत नाही. मामांनी तो लांब धरून बघितला, पेटीच्या झाकणाला आतनं चिकटवला आणि म्हणाले, "दाढी करून आलो असतो की, आदल्या दिवशी सांगायचं नाही व्हय?"