हिवाळ्यात बोडीवर गरी टाकताय? या चुका टाळा

धान चुरून झालं, पोती घरात आली, की आमच्या भंडारा-गोंदियाकडं माणसाच्या हाताला जरा सवड मिळते. त्या सवडीत मी मोबाईलवर व्हिडिओ पाहत बसलो आणि त्या नादातच गरी हातात घेतली. फिनलंड-कॅनडाकडची माणसं गोठलेल्या तळ्यावर स्टूल मांडून बसतात, बर्फाला वीतभर भोक पाडतात आणि त्यातून मासे काढतात. निदान १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, टणक बर्फ झाल्याशिवाय तिथलं शहाणं माणूस त्यावर पाय ठेवत नाही. आपल्याकडं हा प्रश्नच नाही. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तरी तलाव तलावच राहिले. मग म्हटलं, बर्फात मासा लागतो तर आपल्या बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, का नाही लागणार?

पहिल्या हिवाळ्यात नऊ वेळा गेलो आणि सात वेळा रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. त्या सात फेऱ्यांत काय काय चुकलं, ते सांगतो.

पहाटे पाचला जाऊन बसणं

मासे पकडायचे म्हणजे पहाटे उठायचं, हे कुणी डोक्यात भरवलं कुणास ठाऊक. मी कानटोपी घालून, टॉर्च घेऊन अंधारात पाळेवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोचायचो. आठच्या सुमारास शिंगाडे तोडायला आलेले एक ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, मामाजी डोंग्यातूनच हसले. म्हणाले, "बाबू, इतक्या सकाळी तं मासोळीबी उठत नाही."

ती थट्टा नव्हती. माशाच्या अंगाची ऊब पाण्याच्या उबेवर चालते आणि पाणी थंड झालं की त्याची भूकही मरते. रोहू, कतला, मृगळ हे मासे २५ ते ३० अंशांच्या पाण्यात चांगले खातात. पाणी २० अंशांखाली गेलं की त्यांचं खाणं मंदावतं आणि १४च्या आसपास जवळजवळ थांबतं. आपल्या बोड्या उथळ असतात, त्यामुळे रात्रभरात पाणी चांगलंच निवतं. उन्हाळ्यात पहाटे बसावं हे खरं, पण डिसेंबर-जानेवारीत साडेदहापर्यंत घरची कामं उरकावीत आणि अकरा ते चार बसावं. जंगलाला लागून तलाव असेल तर पहाटे न जाण्याचं आणखी एक कारण आहे. रानडुक्कर आणि अस्वल तुमच्याआधी तिथं पाणी प्यायला आलेलं असतं.

वेळेइतकीच महत्त्वाची आहे जागा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणून तलावाच्या उत्तर काठाजवळचं पाणी आधी तापतं. थंड वाराही बहुतेक वेळा उत्तरेकडूनच वाहतो आणि उत्तर काठावर झाडी असली की तो अडतो. त्यामुळे तिथलं पाणी शांत राहतं, आपल्यालाही हुडहुडी कमी भरते.

मालगुजारी तलावात एक सोय आहे. मालगुजारी, म्हणजे जमीन-महसुलाची जुनी जमीनदारी, १९५१मध्ये गेली, पण कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव अजून टिकून आहेत. माजी मालगुजारी म्हणून सरकारी कागदावर त्यांचं नाव 'मामा तलाव' पडलं. त्यांची रचना ठरलेली असते: पाळेकडं, तुडुमाजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) पाणी खोल आणि समोरच्या बाजूला ते उथळ होत जातं. थंडीच्या रात्री मासा खोल पाण्यात दबून बसतो आणि ऊन चढलं की हळूहळू उथळाकडं सरकतो. म्हणून सकाळी बसायचंच असेल तर तुडुमाच्या आसपास बसा आणि दुपारी उन्हातल्या उथळ काठाला या. मी दिवसभर एकाच जागी बसायचो, कारण तिथं बसायला छान दगड होता.

जुलैचं आमिष जानेवारीत

पावसाळ्यात अख्खं गांडूळ लावलं तरी मासा झडप घालतो. हिवाळ्यात त्याला एवढा घास नको असतो. अर्धं गांडूळ पुरे, कधी बोटाच्या पेरभर तुकडाही. कणकेची गोळी हरभऱ्याच्या दाण्याएवढी करा. गार हवेत कणीक टणक होते आणि गरीचं टोक तिच्यातून बाहेरच येत नाही. म्हणून कणीक ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात ठेवायची, म्हणजे अंगाच्या उबेनं ती मऊ राहते. तिच्यात भाजून कुटलेली शेंगदाण्याची ढेप थोडी मळली तर वास चांगला सुटतो.

गरीही लहान लागते. दुकानात मागताना लक्षात ठेवा, आकड्यांचा क्रम उलटा असतो, म्हणजे १० नंबरची गरी ६ नंबरच्या गरीपेक्षा लहान. मी मोठा आकडा मागितला की मोठी मिळेल असं समजत होतो, त्यामुळे पहिल्या खेपेला चुकून योग्य तेच घेऊन आलो.

चारा टाकण्यात मात्र मी पुरता फसलो. मासे गोळा व्हावेत म्हणून कोंडा आणि ढेप कालवून अर्धी बादली पाण्यात ओतली. मासे आले असतील, पण थंडीत त्यांना भूक ती किती! तेवढ्यात त्यांची पोटं भरली आणि माझ्या गोळीकडं कुणी पाहिलं नाही. हिवाळ्यात एक मूठ चारा पुरे. तासाभरानं वाटलंच तर आणखी अर्धी मूठ.

तरंडा काय सांगतो ते न कळणं

सगळ्यात जास्त मासे इथंच सुटतात, म्हणून इथं जरा थांबतो.

आधी खोलीचं बघू. कतल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात राहतो. मृगळाचं तोंड खाली आहे, तो तळाशी चिखलातलं खातो. तरंडा (दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा) आणि गरी यांच्यातलं अंतर एकच ठेवून तिन्ही मासे मिळतील अशी आशा धरू नका. बसल्याबरोबर गरीला एक लोखंडी नट बांधून पाणी मोजा. तरंडा बुडाला तर दोरी कमी पडतेय, आडवा पडला तर जास्त झाली. हिवाळ्यात मी तळापासून चार बोटं वर, अशी सुरुवात करतो.

दुसरं म्हणजे तरंड्याचा आकार. मी जुन्या स्लीपरचा अंगठ्याएवढा तुकडा लावला होता. पावसाळ्यात तो चालतो. थंडीत मासा आमिष ओढत नाही, नुसतं ओठांनी चाखतो, आणि एवढा जाड तुकडा त्या चाखण्यानं हलतसुद्धा नाही. गळून पडलेल्या मोरपिसाची दांडी वापरा. तिला शिसं इतकंच लावा की पाण्यावर फक्त टोक दिसेल.

आता खुणा.

तरंडा नुसता थरथरतोय, बुडत नाही: बारके मासे टोचत असतील किंवा मोठा चाखत असेल. लगेच काठी उचलू नका. मामाजींनी माझा हात धरला होता, "कायले ओढाताण करतं बाबू? तिले चाखू दे." थरथर थांबून तरंडा एका बाजूला सरकायला लागला की मनगटानं छोटासा झटका द्या. खांद्यापासून काठी उडवली तर गरी माशाच्या तोंडातून निघून मागच्या बाभळीत अडकते. अडकली आहे.

तरंडा वर उठून आडवा पडला: खोली नीट मोजली असेल तर हे तळाच्या माशाचं काम. त्यानं आमिषासकट शिसं उचललंय. अशा वेळी बुडण्याची वाट न पाहता झटका द्यायचा. मला हे कळायला अख्खा हिवाळा गेला.

आमिष दर वेळी साफ, पण तरंडा हललाच नाही: तळाला खेकडे आहेत. गरी वीतभर वर घ्या किंवा जागा बदला.

झटका दिला, जडपणा जाणवला आणि सुटलं: गरीचं टोक नखावर टेकवून पाहा. घसरलं तर ती बोथट झालीय, रुतलं तर ठीक. टोक ठीक असूनही सुटत असेल तर आमिष मोठं आहे.

धीर म्हणजे हलायचंच नाही, असं समजणं

त्या व्हिडिओंत एक गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली. बर्फावरची ती माणसं एका भोकापाशी दिवस काढत नाहीत. काही लागलं नाही की उठतात, थोड्या अंतरावर दुसरं भोक पाडतात, तिथं गरी वेगळ्या खोलीवर सोडून पाहतात. आणि आपण मात्र तरंड्याकडं तास न् तास पाहत बसण्याला तपश्चर्या म्हणतो.

उलट टोकाची चूकही मी केली आहे. कंटाळून पंधरा मिनिटांत जागा, आमिष आणि खोली तिन्ही बदलली. मासा लागला, पण कशामुळं लागला ते कळलंच नाही. मामाजी एका वेळी एकच गोष्ट बदलतात. आधी खोली बदलून वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, मग आमिष, शेवटी जागा. मी पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख, वेळ, वारा, खोली आणि काय लागलं एवढं लिहायला लागलो. जानेवारी संपता संपता त्या पानांवर एक गोष्ट ठळक दिसली: थंडीची लाट आली त्याच्या पहिल्या दिवशी माझी पिशवी नेहमी रिकामी आणि थंडी तीन-चार दिवस एकसारखी राहिली की दुपारी काही ना काही हाताला लागलेलं.

मरळीचा मोह मात्र टाळा. ती श्वास घ्यायला वर येते, पाणी हलतं आणि नवखा माणूस दर वेळी तिकडंच गरी फेकत सुटतो. थंडीत ती घासामागं फारशी धावत नाही.

हात घालण्याआधी मासा ओळखा

शिंगी लागली आणि मी ती रोहूसारखी मुठीत धरली. तिच्या कल्ल्यांमागच्या दोन काट्यांत विष असतं. तळहातापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की काठी पाण्यात सोडून दिली. मामाजींनी शेकोटीवर पाणी तापवलं आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात पाऊणएक तास बुडवून ठेवायला लावला. ते विष उष्णतेनं निकामी होतं, म्हणून उतार पडतो. पाणी आधी दुसऱ्या हातानं तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. नंतर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा सूज चढत असेल तर घरी थांबू नका. शिंगी आणि मांगूर दोन्ही फडक्यात धरूनच गरीतून सोडवायचे.

गरीला कासव लागलं तर ओढाओढ नको. कायद्यानं ते संरक्षित आहे. गरी सहज निघाली तर काढा, नाहीतर दोरी तोंडाजवळ कापून त्याला पाण्यात सोडा.

तलाव कुणाचा, ते न विचारणं

बहुतेक तलावांत मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडं असतो. बीज त्यांनी सोडलेलं असतं, राखणही तेच करतात. आधी विचारा, मागतील ते पैसे द्या. शिंगाड्याच्या वेलात गरी टाकू नका. त्यात कुणाचं तरी पीक असतं, आणि दोरी अडकली की वेल तुटतो. काठावर अनवाणी फिरू नका, शिंगाड्याची वाळलेली टरफलं बाभळीच्या काट्यासारखी रुततात. अभयारण्यातल्या पाण्यात तर गरी टाकायचीच नाही.

बाकी बारीकसारीक

नायलॉनची गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणानं दोरी तिथंच कमकुवत होते. गेल्या वर्षीची दोरी गुंडाळ्या-गुंडाळ्यांची झाली असेल तर कोमट पाण्यात भिजवून ताणून घ्या. गाळात गुडघ्याच्या वर उतरू नका, अडकलेली गरी दहा रुपयांची असते.

वर पाहायला विसरू नका. धानाच्या बांध्यांवरून विजेच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. कार्बनची काठी वीज वाहून नेते, ओला बांबूही नेतो. पाळेवरून चालताना काठी उभी न धरता आडवी धरा.

तुटलेली दोरी बेशरमाच्या झुडपात टाकून येऊ नका. मागच्या जानेवारीत तिथं एक टिबुकली (पाण्यात बुड्या मारणारा लहान पक्षी) पायात नायलॉन अडकून फडफडताना सापडली. मामाजींनी तिला गमछात धरलं आणि मी दातानं दोरी कापली, कारण ब्लेड त्या दिवशी मी घरीच विसरलो होतो.