पैशाचा निर्णय घ्यायच्या आधी तो शीटमध्ये हजार वेळा खेळून कसा बघायचा

काही वर्षांपूर्वी मी बचतीतला बराच मोठा भाग एकाच शेअरमध्ये टाकला होता. तो ४० टक्के पडला, मग काही महिन्यांनी तिथून ५० टक्के वर आला, आणि मी मनातल्या मनात हिशोब केला की ४० गेले, ५० आले, म्हणजे १० टक्के फायदा. ॲप उघडून बघितलं तर अजून तोट्यातच. १०० चे झाले ६०, आणि ६० चे दीडपट म्हणजे फक्त ९०. गणित शाळेतलं आहे, कोणालाही विचारा, कागद दिला की बरोबर सोडवेल, पण पैसा स्वतःचा असला की डोकं गुणाकाराच्या जागी बेरीज करायला लागतं आणि ते आपल्याला कळतही नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. पैशाचा कुठलाही मोठा निर्णय असला की आधी त्याचं कोडं बनवायचं, आणि ते कोडं डोक्यात न सोडवता कॉम्प्युटरवर हजार वेळा खेळून बघायचं. प्रोग्रॅमिंग यायलाच पाहिजे असं काही नाही, एक्सेल, गुगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क, जे असेल ते चालतं. अर्धा तास लागतो.

आता खेळूनच का बघायचं, विचार करून उत्तर का नाही काढायचं, तर त्याचं कारण तीन दारांच्या कोड्यात आहे. एका दारामागे गाडी, दोन दारांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, मग ज्याला सगळं माहीत आहे तो होस्ट उरलेल्या दोनपैकी बकरीवालं एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलायचंय का? बदललं तर जिंकायची शक्यता दोन तृतीयांश होते. १९९० मध्ये अमेरिकेत मासिकात सदर लिहिणाऱ्या मॅरिलिन वॉस सॅव्हंट यांनी हे उत्तर छापलं तेव्हा हजारो वाचकांनी त्यांना चुकीचं ठरवणारी पत्रं पाठवली, त्यात पीएचडीवाले भरपूर होते. पॉल एर्डशसारख्या गणितज्ञालाही आधी पटलं नव्हतं, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, म्हणजे तोच खेळ पुन्हा पुन्हा, चालवून दाखवल्यावर त्याने मान्य केलं. एर्डशला जर चालवून बघावं लागलं तर आपण चालवून बघण्यात काहीही कमीपणा नाही, असं मला मनापासून वाटतं.

ही पद्धतसुद्धा एका पत्त्यांच्या डावातूनच आली. १९४६ मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम हा गणितज्ञ आजारपणातून उठत होता, पडल्या पडल्या सॉलिटेअर खेळत होता, आणि त्याला प्रश्न पडला की हा डाव सुटायची शक्यता किती. सूत्राने काढायला गेला तर फारच किचकट, मग त्याच्या डोक्यात आलं की शंभर वेळा डाव मांडायचा आणि किती वेळा सुटला ते सरळ मोजायचं. ते त्याने जॉन फॉन नॉयमन या दुसऱ्या गणितज्ञाला सांगितलं आणि पुढे एनिॲक नावाच्या त्या खोलीभर कॉम्प्युटरवर न्यूट्रॉनची गणितं याच पद्धतीने झाली. या पद्धतीला मॉन्टे कार्लो हे नाव तिथल्या कॅसिनोवरून पडलं. एनिॲकपेक्षा कितीतरी ताकदवान मशीन तुमच्या खिशात आहे, तेव्हा चला.

सरावासाठी हा खेळ घ्या. नाणं उडवायचं, छापा आला तर लावलेले पैसे ५० टक्क्यांनी वाढतात, काटा आला तर ४० टक्क्यांनी कमी होतात. सुरुवात १०० पासून, एकूण १०० फेका. खेळायचं का? सरासरी काढली तर १५० आणि ६० ची मधली किंमत १०५, म्हणजे प्रत्येक फेकीला ५ टक्के फायदा. ऐकायला एकदम मस्त वाटतं. पुढे जायच्या आधी एका सेलमध्ये तुमचा अंदाज लिहून ठेवा, की १०० फेकींनंतर साधारण माणसाकडे किती असतील. ही पायरी गाळू नका, कारण अंदाज लिहिला नाही तर नंतर मेंदू सांगतो की मला हे आधीच माहीत होतं.

शीट अशी बनवायची. ए१ या सेलमध्ये १ लिहा, हा आहे डावाचा वाटा, म्हणजे प्रत्येक वेळी जवळच्या पैशातला किती भाग लावायचा, १ म्हणजे सगळेच्या सगळे. ए२ मध्ये १०० लिहा, ही पहिल्या माणसाची सुरुवात. आता बी२ मध्ये इफ (IF) फंक्शन घ्या. अट अशी की रँड (RAND) फंक्शनने दिलेला आकडा ०.५ पेक्षा कमी आहे का (रँड दर वेळी शून्य ते एकच्या मधला आकडा देतं, नाणं तेच). असेल तर ए२ गुणिले कंसात १ अधिक ०.५ गुणिले ए१, नसेल तर ए२ गुणिले कंसात १ वजा ०.४ गुणिले ए१. फक्त ए१ लिहिताना अक्षराच्या आधी आणि आकड्याच्या आधी डॉलरचं चिन्ह टाकायचं, म्हणजे फॉर्म्युला ओढला तरी तो त्याच सेलला चिकटून राहील. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हेच विसरलो होतो, पहिल्या माणसाचे पैसे पहिल्या फेकीनंतर गोठून गेले आणि त्याच्या खालच्याचे एकदम मायनसमध्ये, आणि मी बराच वेळ रँडलाच दोष देत बसलो होतो. तसं काही दिसलं तर आधी डॉलर बघा. मग बी२ उजवीकडे सीडब्ल्यू कॉलमपर्यंत ओढा, झाल्या १०० फेका, आणि ही अख्खी ओळ खाली १००१ पर्यंत कॉपी करा, झाली १००० माणसं. ए कॉलममध्ये सगळीकडे १०० च आहे ना ते बघून घ्या, काही वेळा ओढताना १०१, १०२ असं वाढत जातं.

लगेच निकाल बघू नका. सॉफ्टवेअरवाले जसं टेस्ट केल्याशिवाय कोड पुढे पाठवत नाहीत तसंच इथेही. ए१ मध्ये ० टाका, काहीच लावलं नाही म्हणजे सगळीकडे १०० च दिसायला पाहिजे. मग ए१ परत १ करा आणि फॉर्म्युल्यात ०.५ पेक्षा कमीच्या जागी थोडा वेळ १ पेक्षा कमी लिहा (फॉर्म्युला बदलला की दर वेळी बी२ पासून सगळीकडे परत ओढायचा), आता प्रत्येक फेक छापाच येणार, म्हणजे १००, १५०, २२५, ३३७.५ असं दिसायला हवं. दोन्ही जुळलं तरच शीटवर विश्वास ठेवायचा, आणि अटीत परत ०.५ करायचं. पैशाच्या शीटमधली चूक फार वाईट असते, कारण ती चूक बहुतेक वेळा आपल्याला हवं तेच उत्तर देते आणि मग आपण ती शोधायलाच जात नाही.

आता बाजूला तीन सेल करा आणि शेवटच्या कॉलमची सरासरी, मिडियन, आणि १०० पेक्षा जास्त पैसे असलेली माणसं किती, हे काढा. मिडियन म्हणजे सगळ्यांना पैशाच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाकडे किती आहेत ते. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये काहीतरी टाईप करून एंटर मारला की सगळी नाणी नव्याने उडतात, दहा-वीस वेळा मारून बघा.

मिडियन जवळजवळ दर वेळी ०.५१५ येईल. म्हणजे शंभरातले साडेनव्व्याण्णव गेले. फायद्यात असलेली माणसं हजारात साधारण १३०-१४०, कारण मुद्दल वाचवायलाच १०० पैकी किमान ५६ छापे लागतात. आणि सरासरी मात्र उड्या मारत राहते, कधी काहीशे, कधी काही हजार. थिअरीप्रमाणे ती १३,१५० च्या आसपास असायला पाहिजे, पण हजार माणसांत ती सहसा दिसत नाही, कारण ती सरासरी ज्यांच्या जोरावर उभी आहे ते ७० च्या वर छापे पडलेले लोक इतके दुर्मिळ आहेत की ते तुमच्या शीटमध्ये बहुतेक नसतातच. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खूप वेळ नुसता स्क्रीनकडे बघत होतो. दर फेकीला ५ टक्के फायदा आणि जवळपास सगळे कंगाल, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. एक छापा एक काटा म्हणजे १.५ गुणिले ०.६, म्हणजे ०.९, हे तेच माझ्या शेअरचे ९०.

आता कोड्याचा खरा भाग. खेळ तोच ठेवा, नाणं तेच, फक्त ए१ मधला वाटा बदला. ०.५ टाका, म्हणजे दर वेळी जवळचे अर्धेच लावायचे. छापा आला तर १.२५ पट, काटा आला तर ०.८ पट, आणि या दोघांचा गुणाकार बरोब्बर १, म्हणजे मधला माणूस आहे तिथेच. ०.२५ टाका, मिडियन १८६ च्या आसपास जातो! म्हणजे कमी लावून जास्त मिळालं, आणि तेही त्याच खेळात जो सगळे पैसे लावणाऱ्याला धुऊन काढतो. सर्वात चांगला वाटा हाच आहे, पाव. हे काढायची रीत बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडली, आणि एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने ती ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर आणि नंतर शेअर बाजारात वापरली. थॉर्प यांनी ब्लॅकजॅकच्या शक्यता आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहून काढल्या होत्या, कोडं, सॉफ्टवेअर आणि पैसा या तिन्हींचं इतकं सुंदर लग्न लावणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

पण इथे थांबून पाव हा जादूचा आकडा आहे असं समजू नका. पाव फक्त या नाण्यासाठी, आणि नाणं नेमकं कसं आहे हे माहीत असेल तरच. खऱ्या आयुष्यात ५० टक्के हा आकडा आपण अंदाजाने लिहिलेला असतो. म्हणून फॉर्म्युल्यात ०.५ च्या जागी ०.४५ टाकून बघा, म्हणजे आपण थोडे जास्तच आशावादी होतो असं धरा (रँडच्या अटीतला ०.५ तसाच राहू द्या हं, फक्त फायद्याचा बदला). पाव वाट्याचा मिडियन १८६ वरून थेट १०६ वर येतो. त्याऐवजी वाटा ०.१२५ ठेवला असता तर चांगल्या नाण्यात १५९ मिळाले असते आणि थोड्या वाईट नाण्यात ११९. म्हणून मी स्वतः जो वाटा बरोबर निघतो त्याच्या निम्माच घेतो, चूक झाली तरी माणूस उभा राहतो.

एवढं झालं की स्वतःचा प्रश्न घाला. नाण्याच्या जागी तुमचा निर्णय, १.५ आणि ०.६ च्या जागी चांगलं वर्ष आणि वाईट वर्ष कसं जाईल त्याचे तुमचे आकडे, आणि १०० फेकींच्या जागी जितकी वर्षं खेळणार तितके कॉलम. वाईट वर्षाचा आकडा लिहिताना हात आखडता घेऊ नका, बाजारात वाईट दिवस एकटे येत नाहीत, नाण्याला आधीची फेक आठवत नाही पण घाबरलेल्या माणसांना आठवते, त्यामुळे खरी घसरण शीटपेक्षा मोठी असू शकते. आणि एक बघायचंच, की पैसे एका मर्यादेच्या खाली गेले तर परत खेळता येणार आहे का. येणार नसेल तर एक जास्तीचं इफ घालून तिथे शून्य करून टाका, मग मिडियन नाही, किती माणसं शून्यावर गेली ते मोजा. कर्ज काढून गुंतवणूक करायचा विचार असेल त्याने तर हे आधी करावं, बाकीचं नंतर.

गुंतवणुकीवर दरवर्षी कापल्या जाणाऱ्या फीचा हिशोबही याच शीटमध्ये रँडशिवाय होतो, दोन ओळी पुरतात. वर्षाला १० टक्क्यांनी ३० वर्षांत १०० चे १,७४५ होतात, ९ टक्क्यांनी १,३२७. त्या एका टक्क्याने जवळजवळ चौथा भाग नेला.

आता शेवटचा बदल, हा मला सगळ्यात आवडतो. वाटा परत १ करा, म्हणजे सगळे पैसे लावायचे, तोच कंगाल करणारा खेळ, फायदाही परत ०.५. पण आता दोन मित्र आहेत, दोघं वेगवेगळं नाणं उडवतात आणि प्रत्येक फेकीनंतर सगळे पैसे एकत्र करून निम्मे निम्मे वाटून घेतात. शीटमध्ये एवढंच करायचं, की एका इफच्या जागी दोन इफ, प्रत्येकाला स्वतःचं रँड, त्यांची बेरीज भागिले दोन, आणि त्याने मागच्या सेलला गुणायचं. मिडियन ०.५१५ वरून ८० च्या आसपास येतो. आता तिसरा मित्र घ्या, तीन इफ भागिले तीन. सरासरी फायदा अजूनही दर फेकीला तोच ५ टक्के, कोणीही जास्त हुशार झालेला नाही, नाणंही बदललेलं नाही, आणि मिडियन चारशेच्या पुढे जातो. चार जणांचा आकडा मी देत नाही, आधी अंदाज लिहा आणि मग चौथं इफ घाला.