डॉल्फिन रेस्क्यू हेलिकॉप्टरचं मॉडेल: स्पेअर बॉक्समधले पार्ट आणि मागचा समुद्र

अमेरिकन कोस्ट गार्डचं एचएच-६५ डॉल्फिन १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, करणार असाल तर आधी एक सांगते, कॉकपिटवर आठवडे घालवू नका, काच बसली की आतलं फारसं काही दिसत नाही. नजर जाते ती उजव्या दाराकडे आणि त्याच्या वरच्या होइस्टकडे, म्हणजे माणसाला केबलने वर ओढणारं यंत्र, सगळी मेहनत तिथे लावा.

होइस्टसाठी स्पेअर बॉक्स, म्हणजे जुन्या किटमधले उरलेले पार्ट ठेवायचा डबा, उपसा. फायटर किटमधून उरलेल्या बॉम्बचा किंवा छोट्या ड्रॉप टँकचा (विमानाखाली लटकवायची इंधनाची टाकी) तुकडा कापला की मोटरचा गोल भाग झाला, खाली ब्रॅकेटला प्लॅस्टिकची पट्टी. केबलला शिवणाचा दोरा अजिबात नको. खरी केबल जेमतेम ५ मिमी जाड, म्हणजे १/७२ ला ०.०७ मिमी, दोरा लावलात तर दोरखंड दिसतो. स्प्रूचा, म्हणजे किटचे पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडा वर धरून फिरवत राहा, मऊ पडून वाकायला लागला की बाजूला घ्या आणि मग सावकाश ओढा, केसासारखा बारीक निघतो. घाई केली की तुटतो. केबलला लटकणाऱ्या, माणसाला बसवून वर घ्यायच्या बास्केटची चौकट जुन्या इअरफोनच्या वायरीतल्या तांब्याच्या तारेची, दोन्ही टोकांना फ्लोट, म्हणजे तिला तरंगत ठेवणारे भाग, म्हणून स्प्रूचे तुकडे.

बास्केटजवळ पाण्यात एक रेस्क्यू स्विमर, म्हणजे बुडणाऱ्याला मदत करायला स्वतः पाण्यात उतरणारा जवान, हवाच, आणि त्याला कारण आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये मरीन इलेक्ट्रिक हे जहाज व्हर्जिनियाजवळ बुडालं, हेलिकॉप्टर आलं, बास्केट खाली सोडली, पण गारठलेल्या लोकांना तिच्यात चढताच येईना, ३४ पैकी ३१ जण गेले. त्यानंतर १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कोस्ट गार्डला रेस्क्यू स्विमर तयार करायला सांगितलं. मॉडेलमध्ये हे दिसलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. उरलेल्या पायलटची फिगर छातीपाशी कापा, हात बास्केटकडे वळवा, बास. दारात होइस्ट चालवणारा फ्लाइट मेकॅनिक गुडघ्यावर, मान खाली, कारण पायलटला सरळ खालचं दिसत नाही, डावीकडे घ्या, पुढे घ्या हे तोच सांगत असतो.

रोटरची पाती किटमध्ये सरळ किंवा खाली झुकलेली येतात, ती उभ्या हेलिकॉप्टरची. हवेत असताना वजन पात्यांवर येतं म्हणून टोकं किंचित वर जातात, गरम पाण्यात बुडवून हलकेच वाकवा.

आता समुद्र. रोटर साधारण १६.५ सेंमी भरतो, म्हणून बेस निदान २५ सेंमीचा घ्या. थर्माकोल वापरलात तर आधी पांढऱ्या ग्लूचे दोन थर द्या, स्प्रे पेंट थेट मारला तर तो विरघळतो. गडद हिरवट निळा रंग, वर अॅक्रिलिक जेल. साध्या लाटा काढून थांबू नका, रोटरचा वरून येणारा वारा पाणी चहूकडे ढकलतो, त्यामुळे मॉडेलच्या खाली बारीक लहरी मधून बाहेर जाणाऱ्या, आणि त्यांच्या भोवती तुषारांचं कडं, त्याला कापूस एकदम विरळ करून चिकटवा.

मागच्या बोर्डावर करडं आभाळ पुरे, लाल हेलिकॉप्टर त्यावर छान उठून दिसतं, क्षितिजाची रेघ मात्र पुसट ठेवा. याच बोर्डातून एक रॉड काढून हेलिकॉप्टरच्या डाव्या अंगात घुसवा, होइस्ट उजवीकडे असल्याने समोरून बघणाऱ्याला तो जवळजवळ दिसत नाही. केबल सगळ्यात शेवटी चिकटवा, रॉड पक्का बसल्यावरच, नाहीतर जरा धक्का लागला की तुटलीच.