फेरेट खोकतंय? या चुका टाळा

टेक्सासला आमच्या घरी ठमी आहे, चार वर्षांची फेरेट. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, लांबट अंगाचा छोटा पाळीव प्राणी. गेल्या हिवाळ्यात एका रात्री ती मान पुढे ताणून, पाठीची कमान करून खोकली. चार-पाचदा लागोपाठ. संध्याकाळच्या फोडणीचा ठसका लागला असेल, असं म्हणून मी झोपले. पहिली चूक हीच.

ठसका लागतो, यात शंका नाही. मिरचीची फोडणी, उदबत्ती, रूम फ्रेशनर, देवदार-पाइनचा भुसा, मांजराच्या वाळूची धूळ, सगळ्यांनी फेरेटचा घसा खवखवतो. पण पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर हलवला, भुसा काढून जुन्या सुती कापडाची घडी अंथरली, की असा खोकला एक-दोन दिवसांत थांबायला हवा. ठमीचा थांबला नाही. उलट शिंका सुरू झाल्या, नाक वाहू लागलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घरात कोणाला ताप-खोकला आहे का?" होता, मलाच. मला फ्लू झाला होता आणि ठमी माझ्या पांघरुणात झोपत होती! माणसाचा फ्लू फेरेटला लागतो, फेरेटचा माणसाला. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला, तो फेरेटच्याच मदतीनं. म्हणून तुम्ही आजारी असाल तर फेरेटला जवळ घेऊ नका. खाणं-पिणं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. दुसरं कुणी नसेल तर मास्क लावा, हात धुवा. मोठं फेरेट बहुधा आठवड्याभरात सावरतं, पिल्लांना मात्र न्यूमोनियाचा धोका असतो.

आता आपल्या घरगुती उपायांबद्दल, कारण इथे आपल्या माणसांचा हात लगेच मधाच्या बाटलीकडे जातो. मध देऊ नका, फेरेटला साखर मानवत नाही. हळदीचं दूधही नको, दुधानं जुलाब होतात. आणि पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चुकूनही नको; ही औषधं त्याच्यासाठी विष आहेत.

"घरातच असतं, लस कशाला?" असं म्हणणारेही भेटतात. ही लस डिस्टेंपरची. कुत्र्यांचा हा विषाणूजन्य आजार फेरेटला झाला तर ते जवळपास कधीच वाचत नाही. खोकल्याबरोबर डोळ्यांना चिकट स्राव, हनुवटीवर पुरळ, तळपाय जाड होणं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लस द्यायला नेलंत की नंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा, काही फेरेटना तिची रिॲक्शन येते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हृदयाकडे. फेरेट तीन-चार वर्षांचं झालं की हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार दिसू लागतो. अशा वेळी खोकला असेलच असं नाही; जास्त झोपणं, मागचे पाय लटपटणं, धाप लागणं हीच खूण असते. इथे डास भरपूर, त्यामुळे हार्टवर्मची, म्हणजे डासांमार्फत हृदयात शिरणाऱ्या जंतांचीही धास्ती. फेरेटचं हृदय एवढंसं, एक-दोन जंतही जीव घेऊ शकतात. प्रतिबंधाचं औषध दर महिन्याला द्यायचं, एकही महिना चुकवायचा नाही.

आवाज ओळखण्यातही फसगत होते. खेळताना येणारा डुक्-डुक् आवाज आनंदाचा असतो. लाळ गाळत, पंजानं तोंड खरवडत उबळ येत असेल तर ते मळमळणं आहे. रबरी खेळण्याचा तुकडा पोटात अडकला असण्याचीही शक्यता असते. तोंड उघडं ठेवून श्वास, निळसर हिरड्या, अन्नाला तोंड न लावणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

दवाखान्यात गेल्यावर फेरेट हमखास खोकत नाही, म्हणून घरीच मोबाइलवर चित्रण करून न्या. ठमीचा व्हिडिओ सतरा सेकंदांचा होता. डॉक्टरांनी तो तीनदा पाहिला, मग स्टेथोस्कोप हातात घेतला.