वित्त आयोगाचा निधी: ग्रामसभेच्या ठरावापासून ठेकेदाराच्या बिलापर्यंत

ग्रामपंचायतीच्या खात्यात वित्त आयोगाचे (आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून मिळणाऱ्या अनुदानाचे) पैसे पडून असतात आणि गल्लीतलं गटार तुंबलेलंच राहतं. 'वरून निधी येत नाही' असं सांगून वेळ मारून नेता येते, पण आलेला निधी बऱ्याचदा गावातच एखाद्या कागदापाशी अडलेला असतो. नव्या सरपंचांनी आणि सदस्यांनी पुढच्या पायऱ्या पाठ करून ठेवाव्यात.

आधी पैशाची फोड

खालचे आकडे पंधराव्या वित्त आयोगाचे (२०२१-२६) आहेत. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून सुरू होतो. त्या निधीसाठी त्याचाच शासन निर्णय हाताशी ठेवा. पंधराव्या आयोगाच्या पैशातला ६० टक्के हिस्सा बंधित (ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा) आणि ४० टक्के अबंधित. बंधितमधला निम्मा पाणीपुरवठा, पाऊसपाणी संकलन आणि पुनर्वापरासाठी, तर निम्मा स्वच्छता व हागणदारीमुक्तीचा दर्जा टिकवण्यासाठी. म्हणजे वर्षाला १० लाख अपेक्षित असतील, तर ३ लाख पाण्याला, ३ लाख स्वच्छतेला आणि ४ लाख गावाच्या इतर गरजांना. अबंधित म्हणजे वाटेल तसा नव्हे: त्यातून पगार आणि आस्थापना खर्च भागवता येत नाही. पाण्याची गरज पूर्ण भागली असेल तर ते पैसे स्वच्छतेकडे वळवता येतात आणि उलटही, पण तसं प्रमाणित करणारा ग्रामसभेचा ठराव हवा.

सर्वाधिक अडचणी या फोडीतच होतात. काँक्रीट रस्ता 'स्वच्छता' शीर्षाखाली दाखवला तर आराखडा मंजूर होऊन जातो, लेखापरीक्षणात मात्र आक्षेप निघतो आणि वसुली सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) नावावर लागण्याची वेळ येते. कामाला नाव देतानाच ते कुठल्या शीर्षातलं हे ठरवा.

आराखडा आणि ग्रामसभा

'आमचं गाव, आमचा विकास' या ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरपासूनच सुरू करा; मार्चमध्ये घाईने भरलेला आराखडा वर्षभर त्रास देतो. ग्रामसभेची नोटीस किमान ७ दिवस आधी निघावी, दवंडी द्यावी. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी ती संख्या लागते. महिलांची सभा आधी घ्या. पाण्याच्या टाकीची जागा आणि गटाराचा उतार याबद्दल नेमकी माहिती तिथेच मिळते.

ठरावात 'गावात विकासकामे करणे' असं लिहू नका. काम, ठिकाण, लांबी, अंदाजे रक्कम, निधीचं शीर्ष, सूचक, अनुमोदक, सगळं यावं. उदाहरणार्थ: 'मारुती मंदिर ते जि. प. शाळा, बंदिस्त गटार, १२० मीटर, बंधित (स्वच्छता)'. मंजूर आराखड्यात, म्हणजे ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर, जे काम नाही त्याचं बिल निघत नाही. नंतर निकडीचं काम उपटलं तर पुरवणी आराखडा करावा लागतो. काम ठेकेदाराकडून आधीच करून घ्यायचं आणि आराखड्यात नंतर घालायचं, ही सवय अंगाशी येते.

जागा, अंदाजपत्रक, मान्यता

अंदाजपत्रकाआधी जागेचा कागद काढा: नमुना ८ चा उतारा किंवा सातबारा. खासगी जागेतून गटार जात असेल तर लेखी संमती घ्या. तोंडी होकार पाया खणल्यावर फिरतो. मग शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक, पुढे तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता. निविदा कोणत्या रकमेपासून लागते आणि ग्रामपंचायत स्वतः यंत्रणा म्हणून कुठपर्यंत काम करू शकते, या मर्यादा शासन निर्णयाने बदलत असतात; पंचायत विस्तार अधिकाऱ्याकडून चालू निर्णयाची प्रत मागून घ्या. निविदा चुकवण्यासाठी एकाच रस्त्याचे तीन तुकडे पाडणं लेखापरीक्षकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

क्रमही पाहा. नळपाणी योजनेची पाइपलाइन टाकायची राहिली असेल तर त्या गल्लीत काँक्रीट ओतू नका. दोन शीर्षांची दोन कामं असली तरी खणायचा रस्ता एकच असतो.

काम चालू असताना

१०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागतं. सिमेंट, वाळू आणि खडीचं १:१.५:३ प्रमाण असेल तर घनमीटरला साधारण ८ गोण्या, म्हणजे ३६० गोण्या सिमेंट. जाडी १२ सेंटिमीटर पडली की काँक्रीट ३६ घनमीटरवर येतं, म्हणजे पाचवा हिस्सा गायब. हे नंतर खोदून तपासण्यापेक्षा ओतण्याआधी साच्याच्या पट्टीची उंची टेपने मोजा आणि मधल्या भागातही दोरी ताणून खोली बघा. कडेला पूर्ण आणि मध्ये फुगवटा, ही नेहमीची चलाखी. साधारण ४ मीटरवर सांधे आणि वाफे करून किमान १४ दिवस पाणी. तडे बहुधा इथेच आळस झाल्यामुळे जातात.

कामाआधी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर, एकाच जागेवरून फोटो काढा. जिओ-टॅगिंगलाही (फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवायलाही) ते लागतात. मोजमाप पुस्तिकेतली (एमबी) नोंद अभियंत्याने जागेवर येऊनच करावी. कार्यालयात बसून भरलेली एमबी अंदाजपत्रकाशी दशांशापर्यंत जुळते, आणि म्हणूनच संशयास्पद दिसते.

पैसे देताना

ठेकेदार किंवा पुरवठादाराची नोंदणी, बँक खातं आणि आयएफएससी कोड पोर्टलवर भरून पीएफएमएसकडून (केंद्राच्या ऑनलाइन पेमेंट प्रणालीकडून) पडताळणी होते. बँकेतलं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं असेल, किंवा बँक विलीन होऊन जुना कोड राहिला असेल, तर पेमेंट परत येतं. बिलातून आयकर, २.५ लाखांवरील कंत्राटाला २ टक्के जीएसटी टीडीएस (बिलातूनच होणारी करकपात), १ टक्का कामगार उपकर आणि गौण खनिजाचं (वाळू, खडी वगैरेचं) स्वामित्वधन कापायचं असतं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा टॅन (करकपातीसाठीचा खाते क्रमांक) आणि जीएसटी टीडीएसची नोंदणी आधीच झालेली हवी.

व्हाउचरवर ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच, दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंच बदलला की नवी डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) काढून पोर्टलवर नोंदवायला वेळ जातो. निवडून आल्याच्या आठवड्यातच अर्ज करा. जुन्या सहीची मुदत कधी संपते हेही लिहून ठेवा. डिजिटल सहीचं टोकन (यूएसबी उपकरण) आणि पिन संगणक परिचालकाकडे ठेवायची पद्धत बरीच रूढ आहे, पण सही तुमची असल्याने जबाबदारीही तुमचीच.

जमाखर्चाचे महिने पोर्टलवर वेळच्या वेळी बंद करा आणि वार्षिक लेखे व लेखापरीक्षण ऑनलाइन चढवा. पुढचं अनुदान त्यावर अवलंबून असतं. निवडून आलेली बॉडी नसेल तरीही निधी थांबतो. केंद्राकडून आलेली रक्कम राज्याने १० कामकाजाच्या दिवसांत पुढे वळती करायची असते, उशीर झाल्यास व्याजासह. म्हणून 'जिल्ह्यातून आलंच नाही' असं ऐकू आलं तर बीडीओ (गटविकास अधिकारी) कार्यालयात हप्त्याची तारीख विचारा.

गावकऱ्यांना हा हिशोब ई-ग्रामस्वराजवर आपल्या पंचायतीच्या नावाने पाहता येतो: आराखड्यातली कामं, आलेली रक्कम, झालेला खर्च. मोजमाप पुस्तिका आणि अंदाजपत्रकाची प्रत हवी असेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात 'सर्व कामांची माहिती' असं न मागता कामाचं नाव, वर्ष आणि व्हाउचर क्रमांक लिहा.